तळ्याचा उत्तरेकडचा कोपरा

मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी विचारलंत, "आजी, आजोबा आमच्यावर रागावलेत का? आम्ही दिसलो की उठून का जातात?" तेव्हा मी "नाही रे, दमलेत ते" म्हणून वेळ मारून नेली, कारण आजोबा शेजारच्याच खोलीत होते आणि त्यांचे कान उत्तम आहेत. खरं उत्तर लांब आहे. ते नीट, क्रमाने लिहून काढते. तुमचे बाबा वाचून दाखवतील. एखादा शब्द अडला तर त्यांना विचारा, आणि त्यांनाही अडला तर मला फोन करा.

आजोबांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा तुम्ही इथे नव्हता. उजवा हात आणि उजवा पाय यांचं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. जिभेचं काय झालं ते सांगायला अवघड आहे. त्यांना सगळं समजतं. काय बोलायचं तेही ठरलेलं असतं. फक्त शब्द वेळेवर हजर होत नाहीत. चष्मा हवा असतो आणि तोंडून "चमचा" येतो. चूक कळते, कपाळावर आठ्या पडतात, पुन्हा प्रयत्न होतो, तोवर समोरच्याने चष्मा आणूनही दिलेला असतो. डॉक्टर म्हणाले होते, बोलत राहा, चालत राहा. पण ज्या माणसाने दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमधून पंचवीस माणसांचा आवाज दाबून "मोरया" म्हटलं, त्याला "पाणी" म्हणायला इतका वेळ लागणं सहन होत नव्हतं. त्यांनी बोलणं कमी केलं आणि खाली उतरणं बंद केलं.

आमच्या सोसायटीच्या मागच्या फाटकाबाहेर एक तळं आहे. पूर्वी ते गावाचं होतं, म्हशी डुंबायच्या. आता गावाला चारी बाजूंनी सेक्टरांनी वेढलं आहे आणि तळं मध्ये अडकून राहिलं आहे. एका सकाळी फिजिओथेरपीला आलेल्या मुलीने त्यांना जवळजवळ ओढतच तिथपर्यंत नेलं. परत आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं. "फुलं," ते म्हणाले. मग बराच वेळ थांबून, "पांढरी."

ती कुमुदं होती. इथे सगळे त्यांना कमळ म्हणतात, तुमचे बाबाही म्हणत असतील. कमळाचं पान पाण्याच्या वर मान काढून उभं राहतं आणि अखंड गोल असतं. कुमुदाचं पान पाण्यावर निजलेलं असतं, आणि काठापासून देठापर्यंत त्याला एक चीर असते, कुणी गोल पापडाची फोड काढून न्यावी तशी. आमच्या तळ्यातली कुमुदं रात्री उमलतात आणि सकाळी ऊन चढलं की मिटतात. म्हणजे ती बघायची तर न्याहारीच्या आधी खाली उतरायला हवं. डॉक्टरांना जे जमलं नाही ते त्या फुलांच्या वेळापत्रकाने केलं.

मी आयुष्यभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं, तेही इंग्रजीतून, दिल्लीतल्या मुलांना. बाकावर बसून त्यांना मराठीतून ते तळं समजावून सांगणं मला नवीनच होतं. पाण्याचा बराच भाग पानांनी झाकलेला असतो, म्हणून उन्हाळ्यातही खालचं पाणी फार तापत नाही. पानांच्या फटींतून जो उजेड खाली जातो त्यावर बुडालेल्या वनस्पती जगतात, त्यांच्यात माशांची पिल्लं लपतात. कुमुदाचा देठ आतून पोकळ असतो. वरची हवा त्यातून थेट चिखलातल्या कंदापर्यंत पोचते. काठाला पाणकणसांची दाटी असते, गावाकडून वाहत येणारा गाळ ती अडवते. एकजण हलला तर सगळ्यांना हलावं लागतं, अशी ती वसाहत. पावसाळ्यात तिथे कमळपक्षी आले. लांब बोटांचे ते पक्षी पानांवरून तुरुतुरु चालतात, बुडत नाहीत. मी आजोबांना सांगितलं, यांच्यात अंडी उबवतो तो नर. पिल्लांना सांभाळतोही तोच, बाई पुढच्या घरी निघून जाते.

आजोबा पक्ष्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बिचारा." आणि हसले. आजारानंतर पहिल्यांदा हसले.

त्या पावसाळ्यात ते खूप बोलले. खूप म्हणजे त्यांच्या मानाने. मी शब्द पुरवत असे. ते "पा..." म्हणाले की मी "पान? पाणकणीस? पाणकोंबडी?" अशी यादीच पुढे ठेवत असे आणि ते मान हलवून एक निवडत. मला वाटे, आमचं छान चाललं आहे.

मग मराठी मंडळाची गणपतीची बैठक आली. आमच्या आसपासच्या सेक्टरांतली पुण्या-मुंबईची माणसं, बहुतेक आयटीतली, आणि करोल बागेत राहून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी काही मुलं, असं ते मंडळ. नदीत विसर्जनाला बंदी आहे. त्यामुळे प्रश्न दरवर्षीचाच होता, मूर्ती बुडवायच्या कुठे. अध्यक्ष म्हणून एक तरुण गृहस्थ आहेत, उत्साही. ते म्हणाले, "या वर्षी सगळ्या मूर्ती शाडूच्या. बिल्कुल इको-फ्रेंडली. मागे तळं आहेच की यार, प्रश्नच मिटला."

आजोबा भिंतीलगतच्या खुर्चीत होते. त्यांनी डावा हात वर केला. सगळे थांबले. "गणपती," ते म्हणाले, "आपले... आपल्या तळ्यात. आपल्या... तळ्यात."

आजारानंतरचं ते त्यांचं सर्वांत लांब वाक्य होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका बाईंनी डोळे पुसले. आणि त्या टाळ्या थांबल्यावर मी उभी राहिले.

मी सांगितलं की तळं उथळ आहे. इतक्या घरांच्या शाडूच्या मूर्ती त्यात विरघळल्या तर ती बारीक माती कित्येक दिवस पाण्यात तरंगत राहील. उजेड खाली पोचणार नाही, बुडालेल्या वनस्पती मरतील, कुमुदाची तळातून वर येणारी कोवळी पानं वाटेतच सडतील.

"काकू, पण शाडू तर नॅचरल असते ना?"

"साखरही नैसर्गिकच असते. मधुमेह्याला पोतंभर घालून बघा."

लोक हसले. बैठकीत हशा मिळाला की निर्णय तुमच्या बाजूने लागतो, हे मला शाळेतल्या स्टाफरूमपासून माहीत आहे. ठरलं की प्लास्टिकची मोठी टाकी आणायची आणि विसर्जन त्यात करायचं.

मुलांनो, मी जे सांगितलं ते बरोबर होतं. आज पुन्हा तशी वेळ आली तरी मी तेच सांगेन. पण लिफ्टमध्ये आजोबा माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. घरी आल्यावर मी म्हटलं, "अहो, तुम्हीच सांगा, कुमुदं गेली असती तर चाललं असतं का?" त्यांनी नुसती मान हलवली. होकार की नकार ते मला कळलं नाही. त्या वर्षी ते विसर्जनाला खाली आले नाहीत. त्यांना एकटं सोडून मलाही जाववेना. आमची मूर्ती शेजाऱ्यांच्या हाती खाली पाठवली, मी स्वयंपाकघरात वाटली डाळ परतत बसले, आणि ते बाल्कनीत कठड्याला धरून उभे राहिले.

त्यानंतर त्यांचं बोलणं हो आणि नाही एवढ्यावर आलं. तळ्यावर जाणं संपलं. तुमचा फोन आला की उठून जाणं सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, असं होतं, मेंदूची सुधारणा एका टप्प्यावर थांबते. त्यांनी औषध बदललं. मला माहीत होतं की थांबलं ते मेंदूमुळे नाही, पण नक्की कशामुळे, तेही सांगता येत नव्हतं. मी त्यांना "बोला ना" म्हणत राहिले. ते बाल्कनीत खुर्ची टाकून खाली बघत राहिले. आठव्या मजल्यावरून मला तर नुसतं हिरवं दिसे, आणि मी समाधान मानत होते की निदान तळं तरी सुखरूप आहे, चांगलं भरून आलं आहे.

पुढच्या भाद्रपदात गौरी आल्या. आपल्याकडे खड्याच्या गौरी असतात. मुखवटे नाहीत, साड्या नाहीत. पाणवठ्यावर जायचं, खडे घ्यायचे, तोंडात पाण्याची चूळ धरायची आणि घरी पोचेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, मागे वळून बघायचं नाही. पुढे कुणीतरी घंटा वाजवत चालायचं. इथल्या मऊ मातीच्या देशात तळ्याकाठी खडे कुठले मिळायला? मी घरचेच खडे नेते, पाण्यात बुडवते आणि "आणते". चूळ मात्र फिल्टरच्या पाण्याची, बाटलीतून. तळ्याच्या पाण्याची चूळ धरण्याइतकी माझी भक्ती नाही.

घंटा वाजवायला येणारी शेजारची मुलगी कॉलेजसाठी बंगळूरला गेली होती. मी ताम्हन घेऊन दारात उभी होते आणि आजोबा आतून आले. त्यांनी बूट घातले होते. घंटा हवी तर डाव्या हातात काठी, उजवा हात निकामी, म्हणून त्यांनी ती काठीच्या मुठीलाच सुतळीने बांधून घेतली होती. दातांनी गाठ मारली असणार. पाऊल टाकलं की घंटा वाजे.

फाटकावरच्या गार्डने विचारलं, "अंकलजी, ये क्या? गाय ढूँढने निकले हैं?"

"देवी," आजोबा म्हणाले, "लाने."

गार्डने लगेच टोपी काढून नमस्कार केला. मी चकित झाले. वर्षभरात परक्या माणसाशी बोललेले हे त्यांचे पहिले शब्द.

मी पायऱ्या उतरून खडे पाण्यात बुडवले, ताम्हनात ठेवले, चूळ भरली आणि वळले. आजोबा माझ्या चेहऱ्याकडे, फुगलेल्या गालांकडे बघत होते.

"आता," ते म्हणाले, "तू... नाही... बोलणार."

आणि चालू लागले. टण. टण. मी मागे.

"उत्तर," ते म्हणाले. टण. "उत्तरेचा... को..." मी तोंड उघडायला निघाले होते. कोपरा हा शब्द माझ्या जिभेवर तयार होता आणि जिभेवर पाणी होतं. मला थांबावं लागलं. ते दहा पावलं चालले असतील. "कोपरा," ते म्हणाले. स्वतःच म्हणाले.

मग त्या पाऊण फर्लांगाच्या वाटेवर, घंटेच्या ठोक्याठोक्याने, त्यांनी मला जे सांगितलं ते असं. उत्तरेच्या कोपऱ्यात, पाणकणसांच्या मागे, दुसरंच काही उगवलं आहे. काठावरून दिसत नाही, वरून दिसतं. त्याचा हिरवा निराळा आहे, चकचकीत. थंडीत ते थांबलं होतं. उन्हाळ्यात वाढलं. आता कुमुदांच्या अंगावर चढतं आहे. कमळपक्षी या वर्षी आले आणि निघून गेले. आणि ते आलं कुठून, तेही त्यांनी पाहिलं होतं. गेल्या वर्षी विसर्जनाच्या टाकीत मंडळाने शोभेसाठी नर्सरीतली जांभळ्या फुलांची, फुगीर देठांची तरंगणारी झाडं सोडली होती. विसर्जनानंतर टाकी रिकामी करायची वेळ आली तेव्हा माणसांनी झाडांसकट ती ओढत तळ्याच्या उत्तरेच्या काठावर नेली, हात जोडले आणि ओतली.

जलपर्णी! सगळ्या पुस्तकांत असते ती. मी विद्यार्थ्यांना तिची चित्रं काढायला लावली आहेत. मला ओरडायचं होतं, विचारायचं होतं, तुम्ही हे वर्षभर मला सांगितलं का नाही? गालातलं पाणी कोमट झालं होतं. आणि मागे वळून तो कोपरा बघायचीही सोय नव्हती.

लिफ्टमध्ये दोन माणसं होती. आजोबा त्यांच्यासमोरही बोलत होते, अडखळत, कपाळाला घाम, पण थांबत नव्हते. "मी... सांगायला..." ते म्हणाले, आणि आम्ही पाचवा, सहावा, सातवा मजला ओलांडला, "...लागलो की... तू सांगतेस."

दारात समोरच्या बंगाली शेजारीणबाईंनी माझ्या पायांवर दूध-पाणी घातलं. गौर घरात फिरवली, पाटावर बसवली. मी मोरीत चूळ टाकली आणि तोंड मोकळं झाल्याबरोबर म्हणाले, "नर्सरीतली झाडं? आणि कुणाला दिसलं नाही? किती पसरली असतील, निम्मं तळं?"

आजोबा खुर्चीत टेकले होते. घंटा अजून काठीलाच होती. डोळे मिटून ते म्हणाले, "झालं सुरू."

मी देवघरासमोर बसून राहिले. गौरीची पूजा त्या दिवशी नुसती हातांनी झाली, तोंडाने एक मंत्रही म्हटला नाही.

दुसऱ्या दिवशी मंडळाची माणसं आमच्या घरी जमली. मी अध्यक्षांना बोलावलं होतं, एवढंच माझं काम. ते तळ्याचा तो कोपरा बघून आले होते आणि त्यांचा निर्णय झालेला होता. "गावातल्या नाल्यातून आलंय ते. त्या लोकांना कसली पडलीये? आपण कम्प्लेंट टाकू."

आजोबा म्हणाले, "ना..."

"नाला, बरोबर काका! तेच म्हणतोय मी."

"ना..." काठी जमिनीवर आपटली. "नाही."

खोलीत सगळे एकदम मदतीला धावले. नळ का? नगरपालिका? नर्सरी? आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काकू, काय म्हणायचंय त्यांना?"

मला माहीत होतं. अक्षरन् अक्षर माहीत होतं. मी म्हटलं, "त्यांनाच विचारा."

कुणीतरी फोन बघू लागलं. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं. मी माझ्या मांडीवरच्या हातांकडे बघत होते. वर पाहिलं असतं तर माझे ओठ हलले असते.

"टाकी," आजोबा म्हणाले. "आपली. आपण... ओतली."

या वेळी टाळ्या नव्हत्या. अध्यक्षांचा चेहरा उतरला. त्यांची बायको हळूच म्हणाली, "पण ते विसर्जनाचं पाणी होतं ना काका. गटारात कसं ओतणार?"

मीच टाकी आणायला लावली होती; ती भरल्यावर तिचं काय करायचं हे त्या बैठकीत मी सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. त्या माणसांनी टाकी ओतली ती आळसाने नव्हे, श्रद्धेने.

या वर्षीच्या विसर्जनाचं पाणी सोसायटीतल्या झाडांच्या मुळाशी गेलं. त्यानंतरच्या रविवारी दिवसभर मंडळ तळ्यात उतरलं होतं. दोर, दाताळी, गुडघाभर चिखल. जलपर्णीचे ढीग काठावर आले. पण तिची मुळं कुमुदांच्या देठांत अशी गुंतलेली होती की एक ओढलं की दुसरं येई. कितीतरी कुमुदं कंदासकट उपटली गेली. ढिगात पांढऱ्या कळ्या दिसत होत्या. आता पाण्याचा मोठा भाग उघडा आहे, काळा. जलपर्णीचं बी चिखलात वर्षानुवर्षं जिवंत राहतं, हे मी मंडळाला सांगितलं आहे. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा उतरावं लागेल, त्याच्या पुढच्याही. किती जण येतील ते माहीत नाही. अध्यक्षांची बदली हैदराबादला होते आहे.

आजोबा पुन्हा सकाळी खाली येतात. सगळं सुरळीत झालं असं समजू नका. काही दिवस चार वाक्यं होतात, काही दिवस एकही नाही. डॉक्टर अजून फार आशा देत नाहीत. तुमच्याशी बोलायला ते बसतील का, हे मी सांगू शकत नाही. बसले, तर एवढंच करा, ते थांबले की तुम्हीही थांबा. नेट गेलं असं वाटेल. गेलेलं नसेल.

काल आम्ही बाकावर होतो. दूर मध्यभागी काही फुलं उरली आहेत तिकडे त्यांनी काठीने दाखवलं आणि म्हणाले, "ती... ती..." नाव शोधत होते. मला ते नाव येत होतं. त्यांच्या गळ्याची शीर हलताना दिसत होती. मी ओठ दातांखाली धरले आणि पाण्याकडे बघत राहिले. ऊन वर आलं. फुलं एकेक करून मिटू लागली. बराच वेळ गेला. शब्द आला नाही. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी बोलत नाही याची खात्री करून घेतल्यासारखं, आणि पुन्हा पाण्याकडे बघून म्हणाले, "थांब. येतोय."